चांदीच्या प्रूफ नाण्यांचे खरे मोल: ओळख, पारख आणि किंमत

रायपूर – छत्तीसगडच्या राजधानीतील सदर बाजार ही सराफांची जुनी पेठ. धनत्रयोदशीच्या सुमारास येथे चांदीच्या नाण्यांची खरेदी जोरात चालते. एरवी मात्र याच पेठेत उलट दिशेचा व्यवहारही होत असतो. घरातील वडीलधाऱ्या व्यक्तीच्या पश्चात कपाट उघडले जाते, निळ्या किंवा लाल मखमली डबीतील आरशासारखे चकाकणारे नाणे हाती लागते आणि ते घेऊन वारसदार सराफाकडे जातात. हे नाणे चांदीचे आहे काय? असल्यास चांदी किती? आणि त्याचे किती रुपये येतील? या तीन प्रश्नांची उत्तरे सराफाकडे, नाण्यांच्या व्यापाऱ्याकडे आणि संग्राहकाकडे निरनिराळी मिळतात. त्यातूनच गैरसमज होतात आणि पुष्कळदा नुकसानही होते.

रायपूर आणि परिसरातील मराठी कुटुंबांसाठी हा विषय परका नाही. अठराव्या शतकात बिंबाजी भोसले यांनी रतनपूर येथून राज्यकारभार सुरू केल्यापासून येथे मराठी वस्ती आहे. पुढे हा प्रदेश मध्य प्रांतात असताना राजधानी नागपूर होती; त्यामुळे शासकीय नोकरी, शिक्षण, रेल्वे आणि नंतर भिलाईचा पोलाद कारखाना यांच्या निमित्ताने अनेक कुटुंबे येथे स्थायिक झाली. अशा नोकरदार घरांमध्ये भारत सरकारची स्मारक नाणी टांकसाळीकडे आगाऊ रक्कम पाठवून टपालाने मागविण्याची हौस होती. ती पिढी आता मागे पडत आहे आणि डब्या पुढच्या पिढीच्या हाती येत आहेत. रायपूरला टांकसाळ नाही. मुंबई, कोलकाता, हैदराबाद आणि नोएडा या चार ठिकाणी भारत सरकारच्या टांकसाळी आहेत. त्यामुळे जाणकाराचा सल्ला सहज मिळतोच असे नाही. नाण्याची प्राथमिक ओळख आपली आपण पटविता येणे म्हणूनच महत्त्वाचे ठरते.

सर्वच चकाकणारी नाणी 'नाणी' नसतात

पहिली गोष्ट म्हणजे डबीतील वस्तू खरोखर नाणे आहे की नाही हे पाहणे. सराफ बाजारात मिळणारे लक्ष्मी-गणेशाचे 'चांदीचे नाणे' हे कायद्याच्या दृष्टीने नाणे नसून पदक किंवा टिकली आहे. त्यावर सरकारने ठरविलेले दर्शनी मूल्य नसते. त्याची किंमत वजन, शुद्धता आणि घडणावळ यांवर ठरते. विकताना घडणावळ बहुधा वजा होते.

दुसरा प्रकार ब्रिटिश काळातील रुपयाचा. व्हिक्टोरिया राणी, सातवे एडवर्ड आणि पाचवे जॉर्ज यांच्या छापाचा रुपया ११.६६ ग्रॅम वजनाचा असून त्यात ९१.७ टक्के चांदी असे. १९४० मध्ये हे प्रमाण ५० टक्क्यांवर आणण्यात आले आणि १९४७ चा रुपया तर निकेलचा निघाला. हे चलनातील नाणे होते. प्रूफ म्हणून ते क्वचितच आढळते. छत्तीसगडच्या ग्रामीण भागात अशा रुपयांची माळ करून गळ्यात घालण्याची प्रथा आहे. आपल्याकडील पुतळ्यांच्या माळेची आठवण करून देणारा हा दागिना. माळेतील रुपयांना कडी डाख लावून जोडलेली असते. ती काढल्यावर राहणाऱ्या व्रणामुळे संग्राहकांच्या दृष्टीने नाण्याचे मोल बरेच घटते, चांदीचे मोल मात्र तेवढेच राहते.

तिसरा प्रकार स्वतंत्र भारताच्या स्मारक नाण्यांचा. एखादी व्यक्ती, संस्था किंवा घटना यांच्या स्मरणार्थ भारत सरकार ही नाणी काढते. प्रस्तुत लेखाचा विषय याच नाण्यांची चांदीतील प्रूफ आवृत्ती हा आहे.

प्रूफ म्हणजे काय?

प्रूफ हा नाण्याच्या घडणीचा प्रकार आहे. ते त्याच्या अवस्थेचे वर्णन नव्हे. चलनातील नाणी वेगाने, यंत्राच्या एकाच दाबाने छापली जातात आणि पोत्यांत एकमेकांवर आपटत बाहेर पडतात. प्रूफ नाण्यासाठी निवडक कोऱ्या चकत्या घासून-पुसून गुळगुळीत करतात. ठशाचा सपाट भाग आरशाप्रमाणे चमकवितात, तर चित्र आणि अक्षरे यांच्या खाचा मुद्दाम खरखरीत ठेवतात. त्यानंतर प्रत्येक चकतीवर मंद गतीने एकापेक्षा अधिक वेळा दाब देतात आणि तयार नाणे हाताळणीचा स्पर्श टाळून वेगळे ठेवतात. परिणामी नाण्याची पार्श्वभूमी आरशासारखी, तर चित्र दुधाळ, हिमकणांसारखे धूसर दिसते. अक्षरांच्या कडा धारदार असतात आणि नाण्याची किनार काटकोनात उठून दिसते.

'अनसर्क्युलेटेड' म्हणजे चलनात न आलेले नाणे हा वेगळा प्रकार. तेही नवे आणि चमकदार असते. परंतु त्याची चमक सर्वत्र सारखी असून पार्श्वभूमीत प्रतिबिंब स्पष्ट उमटत नाही. टांकसाळी एकाच स्मारक नाण्याचे प्रूफ आणि अनसर्क्युलेटेड असे दोन संच काढतात. दोहोंतील धातू तोच असतो, पण प्रूफ संचाची किंमत अधिक ठेवलेली असते.

साधे नाणे चकाकवून प्रूफ म्हणून खपविण्याचा प्रकार ओळखणे फारसे अवघड नाही. पॉलिश करताना चित्राचे उंच भागही घासले जातात, म्हणून चेहरा किंवा सिंहमुद्राही आरशासारखी चमकू लागते आणि धूसरपणा नाहीसा होतो. उलट अक्षरांच्या मुळाशी, जेथे घासणी पोहोचत नाही, तेथे मंद पट्टे उरतात. अस्सल प्रूफमध्ये आरसा अक्षरांच्या अगदी पायापर्यंत पोहोचलेला असतो. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाने हा फरक स्पष्ट दिसतो. डबी आणि प्रमाणपत्र मात्र निर्णायक मानू नये. डबीतील नाणे बदलता येते.

ठशांच्या कलेला छत्तीसगडमध्ये मोठी परंपरा आहे. प्राचीन शरभपुरीय आणि नल राजांची सोन्याची पातळ नाणी एकाच बाजूने ठोकून उठाव दिलेली असत. त्यांची मागची बाजू पोकळ दिसते. बस्तरमधील एडेंगा येथे सापडलेल्या नल राजांच्या नाण्यांचा अभ्यास नागपूरचे विद्वान डॉ. वासुदेव विष्णू मिराशी यांनी प्रसिद्ध केला होता. जुन्या नाण्यांची गोडी असणाऱ्यांनी रायपूरचे महंत घासीदास स्मारक संग्रहालय अवश्य पाहावे. मात्र अशी प्राचीन नाणी आणि घरातील आधुनिक प्रूफ नाणी यांना लागू होणारे नियम भिन्न आहेत. जमिनीत सापडलेले धन १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार शासनाला कळवावे लागते. शंभर वर्षांहून जुनी नाणी पुरावस्तूंच्या कायद्याखाली येतात. १९६९ नंतरच्या स्मारक नाण्यांना ही बंधने नाहीत.

नाण्यात चांदी किती?

सर्वसाधारण समजूत अशी की, चांदीचे नाणे म्हणजे शुद्ध चांदी. भारतीय स्मारक नाण्यांच्या बाबतीत ती बहुतांशी चुकीची आहे.

महात्मा गांधी जन्मशताब्दीनिमित्त १९६९ मध्ये काढलेले १० रुपयांचे नाणे १५ ग्रॅम वजनाचे असून त्यात ८० टक्के चांदी आहे. म्हणजे प्रत्यक्ष चांदी १२ ग्रॅम. १९७० चे 'सर्वांसाठी अन्न' या विषयावरील १० रुपयांचे नाणेही याच मापाचे. स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवानिमित्त १९७२ मध्ये निघालेले १० रुपयांचे नाणे २२.५ ग्रॅमचे, म्हणजे वजनाने दीडपट झाले. पण त्यातील चांदीचे प्रमाण ५० टक्क्यांवर आले. प्रत्यक्ष चांदी ११.२५ ग्रॅम, म्हणजे आधीच्या लहान नाण्यापेक्षाही कमी. नाणे मोठे म्हणून चांदी जास्त, हा हिशेब येथे चुकतो.

१९८० च्या दशकापासून १०० रुपयांची, आणि पुढे ७५, १२५, १५० अशा विशेष दर्शनी मूल्यांची जी मोठी नाणी निघाली, ती सर्वसाधारणपणे ३५ ग्रॅम वजनाची आणि ४४ मिलिमीटर व्यासाची आहेत. त्यांचा धातू चार धातूंचे मिश्रण असतो: चांदी ५० टक्के, तांबे ४० टक्के, निकेल ५ टक्के आणि जस्त ५ टक्के. २४ डिसेंबर २०१८ रोजी प्रकाशित झालेले अटलबिहारी वाजपेयी यांच्यावरील १०० रुपयांचे नाणे आणि २८ मे २०२३ रोजी नव्या संसद भवनाच्या उद्घाटनप्रसंगी प्रकाशित झालेले ७५ रुपयांचे नाणे याच मिश्रणाचे आहे. अशा प्रत्येक नाण्यात प्रत्यक्ष चांदी १७.५ ग्रॅम असते.

याला अपवादही आहेत. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या सहस्राब्दीनिमित्त काढलेल्या १,००० रुपयांच्या नाण्यात ८० टक्के चांदी असून ३५ ग्रॅमपैकी २८ ग्रॅम चांदी आहे. रिझर्व्ह बँकेच्या ९० व्या वर्षानिमित्त १ एप्रिल २०२४ रोजी मुंबईत प्रकाशित झालेले ९० रुपयांचे नाणे तर ४० ग्रॅम शुद्ध चांदीचे आहे. संसद भवनाचे नाणे आणि रिझर्व्ह बँकेचे नाणे यांत एक वर्षाचेही अंतर नाही. डबीत शेजारी ठेवल्यास दोन्ही मोठी आणि रुपेरी दिसतात. परंतु पहिल्यात १७.५ ग्रॅम चांदी आहे, तर दुसऱ्यात ४० ग्रॅम. तेव्हा नाण्यावरील आकडा पाहून चांदीचा अंदाज बांधू नये. प्रत्येक नाण्याचे वजन, व्यास, धातू आणि कडेवरील दात्यांची संख्या भारत सरकारच्या राजपत्रात प्रसिद्ध होते. तीच अधिकृत ओळख होय.

फसगत करणारी जुळी नाणी

एकाच प्रसंगाची नाणी निरनिराळ्या धातूंत निघत असल्याने घोटाळा होतो. गांधी शताब्दीचे १० रुपयांचे नाणे चांदीचे आहे. पण त्याच मालिकेतील १ रुपया आणि ५० पैसे निकेलचे, तर २० पैसे पिवळसर मिश्रधातूचे आहेत. १९६४ चा पंडित नेहरूंचा रुपयाही निकेलचा. शुद्ध निकेल लोहचुंबकाला चिकटते, चांदी चिकटत नाही. साध्या लोहचुंबकाने ही शंका क्षणात फिटते. तथापि चुंबकाला न चिकटणारे प्रत्येक नाणे चांदीचे असते असे नव्हे. तांबे-निकेलचे मिश्रणही चिकटत नाही.

१० रुपयांच्या मोठ्या नाण्यांचे उदाहरण या दृष्टीने बोलके आहे. १९७२ आणि १९७३ ची १० रुपयांची स्मारक नाणी ३९ मिलिमीटर व्यासाची आणि अर्ध्या चांदीची आहेत. १९७४ चे कुटुंबनियोजनाच्या विषयावरील १० रुपयांचे नाणे त्याच व्यासाचे, पण तांबे-निकेलचे आहे. त्यात चांदी मुळीच नाही. त्या वर्षीची चांदी ५० रुपयांच्या नाण्यात आहे. दर्शनी मूल्य तेच, आकार तोच, पण दोन वर्षांत धातू बदलला.

मराठी घरांत हमखास आढळणारे आणखी एक नाणे म्हणजे डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या जन्मशताब्दीचे १९९० चे १ रुपयाचे नाणे. ते मोठ्या संख्येने चलनात आले होते आणि तांबे-निकेलचे आहे. चांदी आहे ती त्याच मालिकेतील १०० रुपयांच्या नाण्यात. लोकमान्य टिळकांच्या १५० व्या जयंतीनिमित्त निघालेल्या नाण्यांबाबतही हेच: ५ रुपयांचे नाणे साधे आणि १०० रुपयांचे चांदीचे. छत्रपती शिवाजी महाराजांचे १९९९ चे २ रुपयांचे नाणे भावनिकदृष्ट्या कितीही मोलाचे असले, तरी ते चांदीचे नाही.

वर्षाबाबतही गफलत होते. गांधी शताब्दीच्या नाण्यावर १८६९–१९४८ असे आकडे आहेत. ते महात्माजींच्या जन्म-मृत्यूचे वर्ष आहे. तरीही '१९४८ चे दुर्मिळ नाणे' म्हणून ते विकायला ठेवलेले आढळते. वस्तुतः हे नाणे मोठ्या संख्येने निघाले होते आणि ते सहज मिळते. रुपयाचे नवे चिन्ह २०१० मध्ये स्वीकारले गेले आणि २०११ पासून नाण्यांवर आले. त्याआधीच्या वर्षाच्या नाण्यावर हे चिन्ह दिसल्यास सावध व्हावे.

टांकसाळीच्या खुणा

नाण्यावरील वर्षाच्या खाली लहानशी खूण असते. चौकटच्या आकाराचा ठिपका मुंबईचा, तारा हैदराबादचा, गोल ठिपका नोएडाचा. खूण नसल्यास नाणे कोलकात्याचे. मुंबई टांकसाळीने प्रूफ नाण्यांसाठी रोमन लिपीतील अक्षराचाही वापर केला आहे. शहराचे जुने नाव असताना 'बी', आणि १९९० च्या दशकाच्या मध्यानंतर 'एम'. मुंबईच्या साध्या नाण्यावर चौकट आणि प्रूफवर अक्षर, असा भेद आढळल्यास ओळख अधिक पक्की होते. एकाच विषयाच्या नाण्यात एका टांकसाळीचे नाणे मुबलक, तर दुसरीचे विरळ असू शकते. संग्राहक या खुणेला महत्त्व देतात, ते त्यामुळेच.

घरच्या घरी तपासणी

तपासणीसाठी तीन साध्या गोष्टी पुरेशा आहेत: ग्रॅमचा शंभरावा भाग दाखविणारा छोटा काटा, व्यास मोजण्याचे कॅलिपर आणि भिंग. वजन आणि व्यास राजपत्रातील मापांशी जुळले पाहिजेत. ३५ ग्रॅमच्या नाण्यात एक टक्क्यापर्यंतचा फरक ग्राह्य धरला जातो. ४४ मिलिमीटरच्या नाण्यांच्या कडेवर साधारणतः २०० दाते असतात. नकली नाण्यात ते अनियमित किंवा विरळ दिसतात.

घनतेवरूनही धातू ओळखता येतो. शुद्ध चांदीची घनता १०.४९ आहे. ८० टक्के चांदी आणि २० टक्के तांबे यांच्या मिश्रणाची सुमारे १०.१, चार धातूंच्या मिश्रणाची सुमारे ९.५ आणि तांबे-निकेलची सुमारे ८.९ भरते. काट्यावर पाण्याचे भांडे ठेवून, दोऱ्याने टांगलेले नाणे तळाला न टेकता पाण्यात बुडविले असता काट्याचा आकडा जितक्या ग्रॅमने वाढतो, तितके घन सेंटिमीटर नाण्याचे आकारमान. ३५ ग्रॅमचे चार धातूंचे नाणे सुमारे ३.६७ ग्रॅमची वाढ दाखवील. तांबे-निकेलचे असेल तर ३.९१ ग्रॅमची. ही चाचणी सुट्या, साध्या नाण्यांसाठी ठीक आहे. बंद डबीतील प्रूफ नाणे मात्र त्यासाठी उघडून ओले करू नये.

सराफाकडे गेल्यावर एक गोष्ट कटाक्षाने सांगावी. नाणे कसोटीच्या दगडावर घासू नये आणि त्यावर तेजाबाचा थेंब टाकू नये. दागिन्याचा टंच पाहण्याची ही रीत योग्य असली, तरी प्रूफ नाण्यावर उठलेला एक ओरखडाही त्याचे प्रूफपण संपवितो. क्ष-किरणांच्या यंत्राने तपासणी करता येते. पण हे यंत्र पृष्ठभागापुरतेच सांगते. मिश्रधातूच्या चकत्या आम्लात उजळताना वरच्या थरातील तांबे कमी होऊन चांदीचे प्रमाण वाढलेले असू शकते. त्यामुळे अर्ध्या चांदीच्या नाण्यावर यंत्र अधिक आकडा दाखवू शकते. तो आकडा घनतेशी आणि राजपत्रातील नोंदीशी पडताळून पाहावा.

किंमत कशी ठरते?

प्रत्येक चांदीच्या प्रूफ नाण्याला तीन किमती असतात. पहिली नाण्यावर कोरलेली दर्शनी किंमत. दुसरी त्यातील चांदीची. तिसरी संग्राहक देण्यास तयार असलेली.

दर्शनी किंमत व्यवहारात निरुपयोगी ठरते, कारण ती चांदीच्या किमतीपेक्षा फारच कमी असते. चांदीच्या किमतीचे गणित सोपे आहे: वजन गुणिले चांदीचे प्रमाण गुणिले त्या दिवसाचा दर. हिशेबाच्या सोयीसाठी दर किलोमागे १ लाख रुपये, म्हणजे ग्रॅमला १०० रुपये धरू. गांधी शताब्दीच्या नाण्यातील १२ ग्रॅम चांदीचे १,२०० रुपये होतील. १९७२ च्या नाण्यातील चांदीचे १,१२५ रुपये. ३५ ग्रॅमच्या चार धातूंच्या नाण्यातील चांदीचे १,७५० रुपये. आणि रिझर्व्ह बँकेच्या ९० रुपयांच्या नाण्यातील चांदीचे ४,००० रुपये. २०२५ मध्ये चांदीचा दर किलोमागे दीड लाख रुपयांच्या पुढे गेला होता. तेव्हा प्रत्यक्ष हिशेब करताना त्या दिवसाचा दर घ्यावा. घेताना कोणी '३५ ग्रॅम चांदी' म्हणून ३,५०० रुपयांचा हिशेब मांडू लागल्यास तो दुप्पट आहे, हे ग्राहकाच्या लक्षात आले पाहिजे.

चांदीच्या किमतीत एक मर्यादा आहे, ती म्हणजे हे नाणे मोडीत काढता येत नाही. नाणेविषयक २०११ च्या कायद्यानुसार नाणे वितळविणे किंवा नष्ट करणे हा गुन्हा असून त्यासाठी सात वर्षांपर्यंत कैदेची तरतूद आहे. स्मारक नाणीही या कायद्याच्या व्याख्येत येतात. शिवाय अर्ध्या मिश्रणातून चांदी वेगळी करण्याचा खर्चही असतो. म्हणून चांदीचे मूल्य हा अंदाज बांधण्याचा पाया मानावा. तेवढी रक्कम सराफाने रोख द्यावीच, असा आग्रह धरता येत नाही.

संग्राहकाची किंमत चार गोष्टींवर अवलंबून असते: नाणे किती संख्येने निघाले, ते किती चांगल्या अवस्थेत टिकले, मूळ डबी आणि प्रमाणपत्र सोबत आहे काय, आणि त्या विषयाला मागणी किती आहे. जुनेपणा हा यात स्वतंत्र निकष नाही. १९६९ चे नाणे मुबलक असल्याने त्याची किंमत चांदीच्या आसपास राहू शकते, तर थोड्या संख्येने निघालेले अलीकडचे नाणे त्याहून महाग असू शकते. काही संग्राहक नाणी अमेरिकेतील प्रमाणन संस्थांकडून तपासून घेतात. तेथे ७० गुणांच्या मापावर नाण्याला दर्जा दिला जातो आणि ते पारदर्शक कवचात बंद केले जाते. सामान्य नाण्यासाठी हा खर्च परवडत नाही.

किंमत शोधताना विक्रेत्याने मागितलेला आकडा आणि प्रत्यक्ष झालेला सौदा यांत फरक करावा. नाणे लाख रुपयांना विकायला ठेवले म्हणजे ते लाखाचे झाले, असे नाही. नोंदणीकृत लिलावगृहांच्या पार पडलेल्या लिलावांतील भाव हा अधिक भरवशाचा आधार आहे. त्यातही व्यापारी स्वतःचा नफा राखून खरेदी करतो, हे गृहीत धरावे.

परदेशी असलेल्या नातेवाइकांकडून आलेली नाणीही आता अनेक घरांत असतात. अमेरिकेचे 'सिल्व्हर ईगल' हे १९८६ पासून निघणारे नाणे एक ट्रॉय औंस, म्हणजे ३१.१ ग्रॅम शुद्ध चांदीचे असते. वजनाने ते आपल्या ३५ ग्रॅमच्या नाण्याहून हलके, पण त्यातील चांदी पाऊणपट अधिक. हिशेबाची रीत मात्र तीच.

जपणूक

प्रूफ नाण्याचा सर्वांत मोठा शत्रू म्हणजे त्याला स्वच्छ करण्याची इच्छा. चिंच, राख, रांगोळी किंवा दंतमंजन लावून चांदीची भांडी उजळण्याची सवय आपल्या घरांत आहे. तीच रीत प्रूफ नाण्यावर वापरली की आरशावर बारीक चरे उमटतात आणि ते कायमचे राहतात. कालांतराने चांदीवर येणारी सोनेरी, निळसर किंवा तपकिरी झाक ही नैसर्गिक असून संग्राहकांना ती पुष्कळदा आवडतेही. काळे पडलेले नाणे विकण्यापूर्वी उजळून घेण्यापेक्षा आहे तसेच दाखविणे हिताचे.

नाणे नेहमी कडेला धरावे. तोंडाजवळ धरून बोलू नये, कारण थुंकीचे सूक्ष्म थेंब डाग पाडतात. मऊ प्लॅस्टिकच्या पिशव्यांतून कालांतराने सुटणारे द्रव्य नाण्यावर हिरवट चिकट थर आणते. म्हणून नाण्यांसाठीची कठीण पारदर्शक डबी वापरावी आणि सोबत ओलावा शोषणारी पुडी ठेवावी. रायपूरसारख्या ठिकाणी कडक उन्हाळ्यानंतर लगेच दमट पावसाळा येतो. अशा हवेत ही पुडी वेळोवेळी बदलणे आवश्यक आहे. नाण्याशेजारी रबर, लोकरीचे कापड किंवा वर्तमानपत्राचा कागद ठेवू नये. गंधकाच्या अंशामुळे चांदी काळवंडते.

फसवणुकीपासून सावध

जुनी नाणी लाखो रुपयांना विकत घेतो, त्यासाठी आधी नोंदणी शुल्क, कर किंवा दलाली भरा, अशा मजकुराचे संदेश अनेकांना येतात. त्यांत रिझर्व्ह बँकेचे नाव आणि बोधचिन्हही वापरलेले असते. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२१ मध्ये स्पष्ट केले होते की, बँक असे व्यवहार करीत नाही, त्यासाठी शुल्क किंवा दलाली मागत नाही आणि कोणालाही तसा अधिकार दिलेला नाही. विकणाऱ्याकडूनच आधी पैसे मागणारा खरेदीदार हा खरेदीदार नव्हे, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.

नवी नाणी घ्यायची असल्यास भारत सरकारच्या टांकसाळींकडूनच मागवावीत. या टांकसाळी २००६ पासून भारतीय प्रतिभूती मुद्रण तथा मुद्रा निर्माण निगम या शासकीय कंपनीच्या अखत्यारीत आहेत आणि नाण्यांची नोंदणी संगणकाद्वारेही घेतली जाते. अधिक अभ्यास करू इच्छिणाऱ्यांसाठी नाशिकजवळील अंजनेरी येथील मुद्राशास्त्र संशोधन संस्था आणि मुंबईतील रिझर्व्ह बँकेचे चलन संग्रहालय ही उपयुक्त ठिकाणे आहेत.

संग्रह करणाऱ्यांनी आपल्या हयातीतच एक साधी यादी करून ठेवणे सर्वांत हिताचे. प्रत्येक नाण्याचा विषय, वर्ष, टांकसाळीची खूण, वजन, चांदीचे प्रमाण, खरेदीची तारीख आणि पावती एवढी नोंद एका वहीत असावी आणि ती वही डब्यांसोबत ठेवावी. हौसेने जमविलेली नाणी वारसांच्या हाती केवळ चकाकणाऱ्या चकत्या म्हणून गेली, तर अर्ध्या चांदीचे नाणे शुद्ध चांदीच्या अपेक्षेने बाजारात जाते आणि शुद्ध चांदीचे नाणे अर्ध्या भावाने विकले जाते. एका वहीने हे दोन्ही टळू शकते.